चौदाव्या नंबरचा अर्ज

ऑफिसात तिला सगळे तारीखबाई म्हणत. तोंडावर नाही, पण ती जिन्यातून येताना दिसली की कुणीतरी हळूच म्हणे, "आल्या तारीखबाई," आणि दुसरा विचारी, "आज कितवी?" तिचं कामच ते होतं. कंपनी शहराबाहेर एक भलंमोठं सर्व्हर-घर बांधत होती. हजारो संगणक कपाटांत रचायचे आणि त्यांची ताकद इतर कंपन्यांना भाड्याने द्यायची, असा धंदा. लोक त्याला क्लाउड म्हणतात. आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने विचारलं होतं, ढगाला एवढं सिमेंट कशाला लागतं? तर हे घर सुरू कधी होणार, एवढं एकच दर सोमवारी दहा वाजता सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, याचा तिला पगार होता.

गेल्या दीड वर्षात तिने सात तारखा सांगितल्या आणि सातही चुकल्या. पाया खणताना जमीन भुसभुशीत निघाली. मग जनरेटर बंदरात अडकून पडले. मग थंड हवेचे पाइप जोडणारे कारागीर मिळेनात, कारण तेच चाळीस जण आणखी तीन कंपन्यांची अशीच घरं बांधत होते आणि जो जास्त ओरडेल त्याच्याकडे आधी जात. प्रत्येक वेळी तिने कारण शोधलं, तक्ता पुन्हा मांडला, आणि पुढची तारीख सांगताना आवाज आधीच्यापेक्षा थोडा खाली गेला. तिला आता एका जागी बसवत नसे. जेवताना टेबलाखाली पाय हलत राही. पहाटे पाचला जाग येई आणि डोळे उघडायच्या आधी मनात आठवडे मोजणं सुरू झालेलं असे.

आता तर सगळं तयार होतं. इमारत उभी होती, थंड हवा फिरत होती, सर्व्हरचे खोके दोन महिन्यांपासून छतापर्यंत रचलेले होते. मशीन लागलं की त्यावरची सगळी जुळवाजुळव आपोआप करणारा प्रोग्रॅम एका लांब केसांच्या माणसाने लिहून ठेवला होता. त्याला सगळे स्क्रिप्टवाला म्हणत. "मला वीज द्या, अकरा मिनिटांत एक मशीन उभं करतो," असं तो दारावरच्या वॉचमनलासुद्धा सांगून चुकला होता.

घोडं अडलं होतं ते विजेवर. दिवे आणि पंखे चालतील एवढी होती, पण त्या घराला एका लहान गावाइतकी वीज लागणार होती. त्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज केलेला होता. तिथे रांग होती, आणि त्यांचा नंबर चौदावा.

एका सोमवारी बैठक संपल्यावर प्रकल्पप्रमुखांनी तिला थांबवलं. माणूस गोडबोल्या, आवाज कधी चढवत नसे. त्यांनी आधी आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाले, की त्यांच्या कानावर आलंय, तिची थोरली बहीण वीज कंपनीत आहे, आणि नेमकी त्याच विभागात. ती हो म्हणाली. "मग झालं तर," ते म्हणाले. "मी काही सांगत नाही. घरचीच माणसं आहेत तुमची." आणि लॅपटॉप काखेत मारून निघून गेले.

ती दिवसभर कॉरिडॉरच्या फेऱ्या मारत राहिली. असं काही विचारायचं नाही हे तिला कळत होतं. संध्याकाळी आपण विचारणार, हेही कळत होतं.

घरात तिघीच. आई, ताई आणि ती. ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा ताईची नोकरी नुकतीच लागली होती, आणि हिच्या शाळेच्या मीटिंगला आईऐवजी ताईच जायची. ताईचं सगळं सावकाश. घास बत्तीस वेळा चावणारी बाई. तिचं काम नवीन वीज मागणाऱ्यांचा अभ्यास करण्याचं: एवढा भार आला तर तारा आणि उपकेंद्र तो पेलतील का, याचं गणित. एका अर्जाला किमान सहा आठवडे लागत. विभागात सात जागा, त्यातल्या चारच भरलेल्या. त्या चारांतलाही एक जण दोन महिन्यांपूर्वी दुप्पट पगारावर सोडून गेला होता. कुठे, तर हिच्याच कंपनीत, विजेच्या बाबतीत सल्ला द्यायला.

जेवणं झाल्यावर तिने विचारलं. सरळ नाही, आडून आडून. रांग पुढे कशी सरकते, मोठ्या कामाला काही वेगळा विचार होतो का, वगैरे. ताईने ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं.

"कुणी विचारायला सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग तू विचारलं नाहीस आणि मी ऐकलं नाही," ताई म्हणाली आणि भांडी घासायला लागली. तिने नळ जरा जास्तच मोठा सोडला होता.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती वीज कंपनीत गेली. बहीण म्हणून नाही, अर्जदार म्हणून, समोरच्या दाराने. तिथल्या लांब खोलीत भिंतीला लागून बाकं होती आणि समोर काचेमागे अर्जांची यादी टांगलेली. शेजारी एक जाडसर वृद्ध गृहस्थ डबा उघडून जेवत होते. त्यांचा बर्फाचा कारखाना होता आणि त्यांना दुसरं यंत्र बसवायचं होतं. नंबर नववा. अकरा महिने झाले, दर मंगळवारी येतात. घरी बसून तरी काय करायचं, म्हणाले.

त्यांना यादी तोंडपाठ होती. आठवा पिठाच्या गिरणीवाला, त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय. बारावा कापडवाला, भांडखोर आहे. तेरावी शाळा. सोळावी हिच्यासारखीच एक संगणकवाली कंपनी, त्यांचा माणूस टाय लावून येतो.

"पण दहा, अकरा आणि सात," काका डबा बंद करत म्हणाले, "यांचं कुणी कधी इथे आलेलं मी पाहिलं नाही. अकरा महिन्यांत एकदाही नाही. ज्याला चौकशीला यावं लागत नाही तो एक तर फार मोठा असतो, नाहीतर मेलेला."

ती उठून काचेपाशी गेली. सातवं, दहावं, अकरावं. तीन वेगवेगळ्या कंपन्या, नावं कधी न ऐकलेली. मागितलेला भार मात्र प्रचंड. नावांपुढे भूखंडांचे क्रमांक होते. पहिला वाचला तेव्हा नुसता ओळखीचा वाटला. दुसरा वाचला आणि तिने काचेवर बोट ठेवून तिसरा शोधला. हे क्रमांक तिच्याच जुन्या तक्त्यात होते. तीन वर्षांपूर्वी कंपनी जागा शोधत होती तेव्हा चार भूखंड पाहिले होते. एक घेतला, तीन सोडले. दहाव्या नंबरच्या जागेवर पाणथळ आहे म्हणून काट मारली होती ती तिने स्वतः, लाल रेघ ओढून.

म्हणजे त्यांच्यापुढे रांगेत उभे होते ते त्यांचेच तीन अर्ज, दुसऱ्या नावांनी. तिने बाकावर बसून मोबाइलवर आकडे मांडले. त्या तिघांचा भार धरला तर उपकेंद्रातला ट्रान्सफॉर्मर पुरणार नाही, नवा मागवावा लागेल, आणि तसा ट्रान्सफॉर्मर मिळायला हल्ली दोन वर्षं लागतात. ते तिघे नसते तर आहे त्यातच भागलं असतं. ती भराभर बोट चालवत असताना आतलं दार उघडलं आणि ताई फायलींचा गठ्ठा घेऊन बाहेर आली. दोघींची नजरानजर झाली. ताई तशीच पुढे गेली, खिडकीपाशी फायली दिल्या आणि परत आत गेली. काका म्हणाले, "या मॅडम चांगल्या आहेत. हसत नाहीत, पण खोटं बोलत नाहीत."

दुपारी ऑफिसात परत येऊन तिने हे सांगितलं, तेव्हा प्रमुखांनी केबिनचं दार स्वतः उठून लावलं. त्यांना सगळं माहीत होतं. असं सगळेच करतात, ते म्हणाले. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. पुढच्या घरांसाठी तीन ठिकाणी रुमाल टाकून ठेवलाय, एवढंच.

"पण साहेब, आपल्याच रुमालामुळे आपल्याला बसता येत नाहीये."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, की अर्ज मागे घेतले तर जागा फक्त आपल्यालाच मोकळी होईल असं थोडंच आहे. सोळाव्या नंबरवर कोण आहे हे तिने पाहिलंच असेल. आपल्या हाताने त्यांना पुढे ढकलायचं? त्यापेक्षा त्या तिघांतला एक नंबर या जागेच्या नावावर फिरवता येतो का, हे ताईंना विचारून पाहावं. आणि पुढच्या सोमवारी मोठ्या ग्राहक कंपनीच्या बाई स्वतः बैठकीला येणार आहेत. त्यांच्यासमोर वीज कंपनी मंद आहे एवढं सांगितलं की पुरे. ते खरंच आहे ना?

खरं होतं, म्हणूनच तिला ते जास्त टोचलं. वीज कंपनी मंद होतीच. तीन माणसं सातांचं काम करत होती, आणि त्यातला बराचसा वेळ जिथे कधीच काही उभं राहणार नव्हतं त्या जागांच्या गणितात चालला होता.

तो आठवडा तिने कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. ताईला सांगावं तर कंपनीशी बेइमानी. न सांगावं तर ताईशी. ती एक वाक्य जुळवून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाई आणि पाणी पिऊन परत येई. आई म्हणाली, एवढं पाणी पितेस, डॉक्टरला दाखव.

गुरुवारी संध्याकाळी ताई घरी आली ती गुडघ्यापर्यंत चिखलात. एक बूट हातात, एक पायात. आईने कपाळावर हात मारला. ताई म्हणाली, एका जागेची पाहणी होती, कागदावर भूखंड आहे आणि प्रत्यक्षात तळं. दुपारभर शोधलं, कुणी भेटलं नाही. बूट चिखलात रुतला तो एका म्हशीवाल्याने काढून दिला. एवढं बोलून ताई न्हाणीघरात गेली.

दहावा नंबर, हे तिला विचारावं लागलं नाही. तिने ते दोन्ही बूट उचलले, मागच्या नळावर नेले आणि जुन्या ब्रशने घासत बसली. चिखल शिवणींत गेला होता. ती टाचणीने काढत राहिली. हात चालू होते तेवढा वेळ जरा बरं वाटलं. बूट उन्हं येतील अशा खिडकीत ठेवले आणि आत येऊन ती जेवली.

सोमवारी बैठकीची खोली भरलेली होती. ग्राहक कंपनीच्या बाई पन्नाशीच्या, पांढरे केस आखूड कापलेले, समोर साधी वही. त्यांची कंपनी लहान लहान दवाखान्यांचे तपासणी अहवाल सांभाळत असे. त्यांची जुनी मशीनं भरत आली होती आणि नवा अहवाल उघडायला डॉक्टरांना कधी कधी पाच-पाच मिनिटं थांबावं लागत होतं. प्रमुखांनी प्रस्तावना केली. स्क्रिप्टवाल्याने अकरा मिनिटांचं सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. मग त्यांनी वही बाजूला सारली.

"मी दीड वर्ष कारणं ऐकतेय," त्या म्हणाल्या. "कारणं सगळी पटतातही. मला आज एवढंच सांगा, काम नेमकं कुठे पडून आहे?"

प्रमुखांनी तिच्याकडे पाहिलं. ती उभी राहिली. तिने टेबलाची कड धरली. आपण काय बोलणार हे तिने ठरवलं नव्हतं, असं तिने नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगून पाहिलं.

"वीज कंपनीच्या यादीत आपला अर्ज चौदावा आहे," ती म्हणाली. "सहा निकाली निघालेत. राहिलेल्यांत आपल्यापुढे सात आहेत, आणि त्या सातांत तीन आपलेच आहेत. दुसऱ्या नावांनी. ते ठेवले तर तीन वर्षं. काढले तर साधारण दहा महिने."

स्क्रिप्टवाला तोंड उघडं टाकून प्रमुखांकडे बघत होता. बाईंनी वही पुन्हा पुढे ओढली, त्यात काहीतरी लिहिलं आणि प्रमुखांना शांतपणे विचारलं, की हे काढायला किती दिवस लागतील.

नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी तिचं टेबल तारखांच्या विभागातून हलवून जुन्या भूखंडांच्या कागदपत्रांच्या खोलीत नेण्यात आलं. प्रमुख गोडच बोलले. म्हणाले, तुमची जमिनीची नजर चांगली आहे. पगार तोच राहिला. सोमवारच्या बैठकीचं बोलावणं बंद झालं, आणि पहिल्या सोमवारी दहा वाजता ती सवयीने उठून उभी राहिली, मग खोलीत कुणी नाही हे पाहून पुन्हा बसली.

अर्ज मागे घेत असल्याची तीन पत्रं ताईच्या टेबलावर गेली. वर एकच जोडपत्र होतं, हिच्या कंपनीचं. ताई त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर घरी आली. पर्स खांद्यावर तशीच.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"यादी वाचायला आले होते, त्या दिवसापासून."

ताईने मनाशी दिवस मोजले. "म्हणजे मी चिखलात गेले तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू बूट धुतलेस."

ताईने त्या तीन अर्जांवर आठ महिने घातले होते. सुट्टीचे वार, डोळ्यांत औषध घालून काढलेल्या संध्याकाळी. गिरणीवाला, बर्फवाला, शाळा, सगळे तेवढे महिने बाकावर बसले होते. ताईने पर्स खांद्यावरून काढली. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर तीन आठवडे ताई तिच्याशी बोलली नाही. घरात निरोप आईमार्फत चालत. तिला सांग गॅस संपलाय. तिला सांग मला माहीत आहे. शेवटी आई वैतागून म्हणाली, "माझे गुडघे आधीच गेलेत, तुमच्यात टपाल कुठवर वाहू? चिठ्ठ्या लिहा." ताईला हसू आलं, ते तिने पदराआड लपवलं, पण बोलली नाहीच.

बोलली ती पुढे एका सकाळी, दुधाचं पातेलं उतू जाताना, "गॅस बंद कर" एवढंच. तिने गॅस बंद केला. मग दोघी ओटा पुसत असताना ताई म्हणाली, की बर्फवाल्या काकांचं काम झालं. ते पेढ्यांऐवजी बर्फाची लादी घेऊन आले होते आणि ती ताईच्या साहेबांच्या टेबलावर वितळली.

सर्व्हर-घराला वीज मिळाली चौदा महिन्यांनी. तिचे दहा चुकलेच, कारण ताईच्या विभागातला आणखी एक जण नोकरी सोडून गेला. या वेळी सोळाव्या नंबरच्या कंपनीत. त्या कंपनीचं घर यांच्यामागून पाच आठवड्यांत सुरू झालं. प्रमुखांची भीती खोटी नव्हती. ग्राहक बाईंनी आपलं अर्धं काम इथे ठेवलं आणि अर्धं तिकडे दिलं. सगळी अंडी एका टोपलीत नकोत, म्हणाल्या. आणि इतका काळ खोक्यांत पडून राहिलेल्या मशीनांपैकी दर तिसरं मशीन सुरूच होईना. आतल्या लहान बॅटऱ्या मेलेल्या, आतला प्रोग्रॅम जुना झालेला. स्क्रिप्टवाला एकोणीस दिवस तिथेच स्टूल टाकून बसला. मिनिटांचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

उद्घाटनाला तिला बोलावलं होतं. ती मागे उभी राहिली. हॉलमध्ये हजारो पंख्यांची घरघर होती आणि ती घरघर ऐकून आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं तिला वाटत होतं. पण तिच्या डोक्यात दुसऱ्याच एका जागेचे कागद घोळत होते. पुढच्या घरासाठी तिने सहा भूखंड पाहिले होते आणि जमीन बघायच्या आधी प्रत्येक उपकेंद्रात जाऊन, तिथे किती वीज शिल्लक आहे हे विचारून आली होती. दोन ठिकाणी शिल्लक होती. एके ठिकाणचा अधिकारी म्हणाला, एवढ्या लवकर विचारायला येणारी तू पहिलीच. प्रमुखांना अजून तिने ते दाखवलं नव्हतं. केव्हा दाखवावं या विचाराने ती पुन्हा पहाटे पाचला उठायला लागली होती.

त्या रविवारी ताईने जेवणाच्या टेबलावर चार कागद पसरले. वरिष्ठांना द्यायचं टिपण होतं. भूखंडाच्या मालकीचा कागद जोडल्याशिवाय अर्ज घेऊ नये आणि एका मालकाचे सगळे अर्ज एकत्र दाखवावेत, असं काहीसं. ताईला ते नीट मांडता येत नव्हतं. तिचं लिहिणंही तिच्या चावण्यासारखंच.

"हे तुला जमतं," ताई म्हणाली. "कंपन्या आणखी कुठून कुठून शिरतील तेही तुलाच माहीत."

ती खुर्ची ओढून बसली. त्यांनी दुपारभर लिहिलं. भाड्याच्या जागेचं काय, भागीदारीचं काय, यावरून दोनदा वाद झाला. तिसऱ्या पानावर तिने विचारलं, की हे मंजूर व्हायला किती टेबलांवरून जाईल.

"सहा."

"म्हणजे साधारण..." तिने बोटं मोजायला सुरुवात केली. ताईने पेन खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं. तिने बोटं मिटली, पण टेबलाखाली पाय हलत होता, आणि ताईने न बघताच आपला पाय त्यावर ठेवून तो थांबवला.